काळ्या काचेचा भ्रम

गॉगल ही वस्तू आपल्या समाजाने चैनीच्या खात्यावर मांडून ठेवली आहे. किनाऱ्यावर उतरणाऱ्या पर्यटकाने तो डोळ्यांवर चढवावा, चित्रपटातील नायकाने चढवावा; पण रापण ओढणाऱ्या रापणकाराने किंवा आगरवाडे, हडफडे येथील मिठागरांत भर उन्हात मीठ ओढणाऱ्या कामगाराने तो लावला, तर गावात त्याची थट्टाच व्हायची. ज्यांना त्याची खरी निकड, त्यांच्याच डोळ्यांवर तो दिसू नये, ही नुसती विसंगती नव्हे. ती अनास्था होय.

उन्हाचा ताप अंगाला कळतो, झगझगाट डोळ्यांना कळतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण मात्र (जुन्या क्रमिक पुस्तकांत यांनाच जंबुपार म्हणत) कळतच नाहीत, म्हणून त्यांचे भयही वाटत नाही. कोरडी वाळू यांपैकी सुमारे १५ टक्के, तर लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परत फेकतो. माथ्यावरच्या सूर्यापासून भुवया आणि पापण्या थोडेफार रक्षण करतात. खालून आणि बाजूने येणाऱ्या या माऱ्यापुढे त्यांचे काही चालत नाही. वर्षानुवर्षे असे ऊन सोसलेल्या डोळ्यांत वडस वाढतो, पांढऱ्या भागावरून तो बुबुळावर सरकतो आणि दृष्टी अडवतो. मोतीबिंदूला वय, मधुमेह, तंबाखू अशी अनेक कारणे आहेत. त्यांत हेही एक. अमेरिकेतील चेसापीक उपसागरात मासेमारी करणाऱ्या ८३८ जणांच्या तपासणीचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यभरातील अतिनील-ब किरणांचा मारा दुप्पट झाला, की एका प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो, असे त्यांत दिसून आले. समुद्र वेगळा असला, तरी धंदा तोच आणि सूर्यही तोच. शिवाय आपल्या अक्षांशावर तो अधिक प्रखर.

मग पदपथावरचा स्वस्त काळा चष्मा घ्यावा काय? इथेच सामान्य माणूस फसतो. काच काळी म्हणजे सुरक्षित, हा निव्वळ भ्रम आहे. अंधाऱ्या काचेआड डोळ्याची बाहुली रुंदावते. त्या काचेत अतिनील किरण अडविण्याचा गुण नसेल, तर रुंदावलेल्या वाटेने ते आत शिरण्यास अधिकच मोकळीक मिळते. उलट, पॉलिकार्बोनेटची स्वच्छ, बिनरंगी काचही हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. तेव्हा पाहावयाचे ते रंगाकडे नव्हे, तर ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या किरणांपासून संरक्षण मिळते की नाही याकडे. झगझगाट कमी करणारी 'पोलराइज्ड' काच ही निराळी गोष्ट. तिच्यावरही हा उल्लेख असावाच लागतो. चष्मा बाजूंनीही डोळा झाकणारा असावा, आणि जोडीला रुंद काठाची टोपी असेल तर उत्तमच.

परंतु छापील चिठ्ठीवर गरिबाने विसंबावे तरी किती? काच किती अतिनील किरण आत सोडते हे मोजणारे छोटे यंत्र असते, तपासणीला क्षणभर लागतो. चष्म्यांच्या दुकानदारांनी ती विनामूल्य करून द्यावी. होडीच्या इंजिनासाठी सरकार अनुदान देते. ती होडी हाकणाऱ्याच्या डोळ्यांसाठी तपासलेल्या चष्म्याची एक जोडी त्याच यादीत घालण्यास तिजोरीला फारसा भार पडणार नाही. मच्छीमार खात्याने हे पाऊल उचलावे आणि मिठागरांतील कामगारांनाही त्यातून वगळू नये. मिठाचा हंगाम जानेवारीत सुरू होतो. चष्मे त्यापूर्वी हाती पडले पाहिजेत.