आठ बोटांचा हात आणि जेनी क्लॅक

पाठीचा कणा असलेले प्राणी पाण्यातून जमिनीवर आले, तेव्हा त्यांना पाय आधी फुटले की ते जमिनीवर आधी आले? पूर्वी चित्र असं होतं: डबकी आटली, मासे परांवर रखडत बाहेर पडले आणि मग पाय घडले. हे चित्र बदलण्यात ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ जेनी क्लॅक यांचा वाटा फार मोठा आहे.

त्यांची वाट सरळ नव्हती. प्राणिशास्त्राच्या पदवीनंतर बरीच वर्षं त्यांनी बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात काम केलं, पीएचडी त्यानंतर. केंब्रिजला आल्यावर 1970 च्या एका ग्रीनलंड मोहिमेतल्या विद्यार्थ्याच्या नोंदवह्या त्यांना मिळाल्या. पूर्व ग्रीनलंडच्या एका डोंगरावर जीवाश्म विपुल असल्याचं त्यांत लिहिलं होतं. 1987 मध्ये त्या तिथे गेल्या आणि सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वीच्या अकँथोस्टेगा या आद्य चतुष्पाद प्राण्याचे सुंदर अवशेष घेऊन परतल्या.

खरं काम पुढे होतं. कठीण दगडातून हाड मोकळं करताना सुई आणि सूक्ष्मदर्शक घेऊन कण-कण खरवडावा लागतो. (ही चिकाटी मला शोधाइतकीच मोठी वाटते.) पुढच्या पायाला निघाली आठ बोटं! 1990 मध्ये सहकारी माइक कोट्स यांच्यासह त्यांनी हे प्रसिद्ध केलं. शिवाय या प्राण्याला माशांसारखे आतले कल्ले होते, आणि पाय अंगाचा भार पेलण्याजोगे नव्हते. म्हणजे बोटांचे पाय पाण्यातच घडले, चालणं नंतरचं.

2009 मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. 2020 मध्ये त्यांचं निधन झालं.