नळीची परीक्षा

बर्मिंगहॅमच्या बॅनबरी स्ट्रीटवर, रेल्वे आणि कालव्याला खेटून, एक जुनी विटांची इमारत उभी आहे. जवळचं रेल्वे जंक्शन तिच्याच नावानं ओळखलं जातं, प्रूफ हाउस. शहरातल्या बंदूक कारखानदारांनी स्वतः मागणी करून आणि स्वतःच्या पैशानं, संसदेच्या कायद्यान्वये १८१३ मध्ये ती संस्था उभी केली. बंदुकीची नळी विकण्याआधी ती फुटते की टिकते ते पाहायचं, हे तिचं काम. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला त्यासाठी १६३७ मध्येच सनद मिळाली होती. पण आपल्याच मालाला नापास करणारा परीक्षक व्यापाऱ्यांनी पदरमोड करून नेमावा, हे मला आजही फार मोठं वाटतं.

एकोणिसाव्या शतकात इथे नळ्या ओळीनं मांडत. प्रत्येकीत नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू आणि शिशाचा गोळा ठासलेला असे. सगळ्यांच्या कानांशी, म्हणजे बत्तीच्या छिद्रांशी, दारूची एकच रेघ ओढायची, दार लावून ती बाहेरून पेटवायची. गोळे वाळूच्या ढिगात घुसत. नंतर नळ्या काही काळ तशाच ठेवत, कारण बारीक चीर असली तर दारूतला सोरा तिच्यातून पाझरून दिसू लागतो. मग डोळ्यांनी तपासणी, आणि पास झालेल्या नळीवर मुकुट व राजदंडांचा ठसा.

हा ठसा म्हणजे त्या दिवशी नळी शाबूत होती एवढीच ग्वाही. पुढच्या दीडशे वर्षांचं काय? १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल घ्या. ३९ इंची नळी, .५७७ इंची भोक, आत तीन पेचदार खाचा. अमेरिकेच्या यादवीत ती दोन्ही बाजूंच्या हाती होती, आणि १८५७ मध्ये ज्या काडतुसांच्या चरबीवरून आपल्याकडे शिपाई बिथरले ती काडतुसं हिचीच. अशी एखादी गंजकी रायफल लिलावात मिळाली, तर पहिला प्रश्न एकच असतो. ती भरलेली आहे का? ठासणीचा गज आत टेकेपर्यंत सोडायचा, तोंडाशी खूण करायची आणि तो नळीच्या बाहेरून लावून पाहायचा. टोक निपलच्या, म्हणजे बार पेटवणारी टोपी जिच्यावर बसते त्या छोट्या नळीच्या, आसपास पोचायला हवं. बोट-दोन बोटं आधीच थांबलं, तर आत कुणाचा तरी जुना बार अजून पडून आहे असंच धरायचं. जुनी काळी दारू वर्षानुवर्षं जिवंत राहते, म्हणून तो बार जाणत्या कारागिरानंच काढावा.

मग नळी. बाहेरचा गंज फसवा असतो. घासून चकचकीत केलेली नळी मला जास्त संशयास्पद वाटते, कारण घासताना धातू गेलेला असतो. काळ्या दारूची राख ओल धरते आणि सगळ्यात खोल खड्डे मागच्या बुचाजवळ पाडते. दाब सर्वाधिक असतो तोही तिथेच. बूच उघडल्याशिवाय ती जागा नीट दिसत नाही, आणि ते जबरदस्तीनं फिरवलं तर आटे जातात. आत उजेड टाकल्यावर एखादं काळं कडं दिसलं, तर तिथे नळी फुगलेली आहे. गोळा दारूवर नीट न बसता मध्येच राहिला, किंवा तोंडात चिखल अडकला, की असं होतं. निपलचे आटे झिजले असतील तर ती उडून थेट नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकते.

दस्त्याच्या मनगटाशी गेलेला तडा चिकटवून, आत खुंटी घालून बुजवता येतो. थकलेली कमान बदलता येते. अर्ध्यावर ओढलेला घोडा चाप दाबूनही पडत नाही ना, हे पाहून खटका दुरुस्त होतो. हे सगळं कारागिराचं नेहमीचं काम. नळीवर वेल्डिंग करून चीर बुजवणं मात्र मी दुरुस्ती मानत नाही. तापलेल्या धातूची ताकद कुठे किती गेली ते बाहेरून कळत नाही. आतून नवी नळी बसवण्याचा मार्ग आहे. पण नळीची ताकद बदलली की जुना ठसा निकामी ठरतो, आणि ब्रिटनमध्ये अशी बंदूक पुन्हा परीक्षा दिल्याशिवाय विकणं गुन्हा आहे. परीक्षेत ती फुटली तर नुकसान मालकाचं. पास झाली तरी पुढे तिच्यात काळीच दारू घालायची. आधुनिक, बिनधुराच्या दारूचा दाब झेलण्यासाठी या नळ्या घडवलेल्याच नाहीत.