कोठडीच्या भिंतीवरील राज्यघटना

राज्यघटनेचे ज्ञान लोकांत पसरवावे असे म्हटले, की प्रास्ताविकेचे सामुदायिक वाचन, 26 नोव्हेंबरची भाषणे आणि शाळकरी मुलांच्या निबंधस्पर्धा आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु ज्या घटकेस सामान्य माणसाला आपल्या स्वातंत्र्याची खरी निकड भासते, त्या घटकेस तो बहुधा पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला असतो, आणि तेथे प्रास्ताविका मुखोद्गत असण्यापेक्षा अनुच्छेद 22 चा आशय ठाऊक असणे त्याच्या अधिक उपयोगी पडते.

ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली ओळखली, आणि तीही मुंबईच्या निमित्ताने. शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईतील पोलीस कोठड्यांत स्त्रियांचा जो छळ होतो त्याविषयी न्यायालयास पत्र लिहिले. त्यांनी पंधरा स्त्री-कैद्यांची विचारपूस केली होती. त्यांपैकी पाच जणींनी कोठडीत पोलिसांनी मारहाण केल्याचे सांगितले होते. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांकरवी तुरुंगात चौकशी करविली आणि 15 फेब्रुवारीस निकाल दिला. स्त्रियांच्या कोठडीवर महिला शिपायांचाच पहारा असावा, स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या समक्षच व्हावी, हे त्यातील हुकूम पुष्कळांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्याच शेजारी असलेला एक हुकूम मात्र दुर्लक्षित राहिला: अटक झालेल्या इसमाच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत चिकटवावे, आणि त्याला ठाण्यात आणताक्षणीच, त्याला उमगेल त्या भाषेत, ते वाचून दाखवावे.

नुसते चिकटवून भागणार नाही, ते वाचूनही दाखवले पाहिजे, हे ज्याने लिहिले त्याला या देशातील कोठड्यांत कोण येऊन पडतो याची पुरी जाणीव होती.

या हक्कांत दुर्बोध असे काहीच नाही. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर केलेच पाहिजे, आणि त्यापुढे त्याच्या हुकुमावाचून कोणालाही डांबून ठेवता येणार नाही. गुन्हा जामीनपात्र असल्यास तसे सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि कोठडीत मारहाण झाली काय, हे मॅजिस्ट्रेटने आपण होऊन विचारावे, असे याच निकालाने ठरविले. मात्र हक्क शिकविणाऱ्याने एक अप्रिय सत्य लपवू नये: प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्या माणसाला यांतील चोवीस तासांचे व वकिलाचे संरक्षण त्याच अनुच्छेदाने नाकारलेले आहे. घटना जेथे थांबते तेथे ती थांबते हेही लोकांस कळले पाहिजे.

पुढे 1996 साली डी. के. बसू यांच्या खटल्यात न्यायालयाने अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातलगास वा मित्रास खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी असे नियम घालून दिले आणि ते ठाण्याठाण्यात दर्शनी फलकावर लावण्याचा आदेश दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही अटकेचे कारण व नातलगास खबर ही दोन्ही कलमे आहेत.

तरीही या योजनेत एक विसंगती आहे, आणि ती मला सतत खटकते. ज्याच्या हातून हक्कभंग होण्याची भीती, त्याच हवालदाराने तो हक्क वाचून दाखवायचा! शिवाय हातात बेड्या पडलेला, भेदरलेला माणूस त्या क्षणी काय ऐकणार आणि काय ध्यानात ठेवणार? म्हणून माझ्या मते हे शिक्षण द्यायचे ते ठाण्याच्या पायऱ्यांवर तिष्ठणाऱ्या आईला, भावाला, चाळीतल्या शेजाऱ्याला; कारण चोवीस तास मोजणे, मेमोविषयी विचारणे आणि वकील गाठणे ही कामे बाहेरचा माणूसच करू शकतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही त्याची पहिली अडचण. येथे 1987 चा विधिसेवा प्राधिकरण कायदा त्याच्या कामी येतो: कोठडीत असलेल्या व्यक्तीला, तसेच स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असले तरी सरकारी खर्चाने वकील मागता येतो, आणि त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, तालुक्याच्या विधिसेवा समितीकडे जावे.