लवाद कार्यवाही आणि दिवाणी प्रक्रिया संहिता
लवाद कार्यवाही आणि दिवाणी प्रक्रिया संहिता : पक्षांनी संमतीने किंवा शासनाने कायद्यान्वये नेमलेल्या लवादापुढील कार्यवाहीस दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ कितपत लागू होते, हा दिवाणी कायद्यातील महत्त्वाचा प्रश्न होय. स्थूलमानाने, लवाद संहितेने बांधलेला नसतो. मात्र त्याच्यासंबंधीचे प्रकरण न्यायालयात गेले की संहितेचा संबंध येतो.

मूळ संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतच लवादविषयक तरतुदी होत्या. त्या लवाद अधिनियम, १९४० ने रद्द केल्या. पण निवाडा न्यायालयात दाखल होऊन त्यानुसार हुकूमनामा झाल्याखेरीज त्याची अंमलबजावणी होत नसे. हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या नांदेड व लातूर या प्रदेशांत संहिता आणि हा अधिनियम हे दोन्ही १ एप्रिल १९५१ पासून लागू झाले.

लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ ने ही पद्धत बदलली. कलम १९ अन्वये कार्यपद्धती पक्षांनी व एकमत नसल्यास लवादाने ठरवावयाची असते. तथापि दोन्ही पक्षांना समान वागणूक व बाजू मांडण्याची पूर्ण संधी देणे कलम १८ अन्वये बंधनकारक आहे. साक्षीदारावर समन्स काढविण्यासाठी न्यायालयाचे साहाय्य घ्यावे लागते (कलम २७). निवाड्याची अंमलबजावणी संहितेनुसार, तो जणू हुकूमनामाच आहे अशा रीतीने होते (कलम ३६). निवाड्यास आव्हान दिल्याने आपोआप स्थगिती मिळत नाही, हे २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

या भेदाची झळ महामार्गासाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्यास विशेष लागते. तुळजापूर–लातूर–नांदेड–बुटीबोरी हा महामार्ग (क्र. ३६१) राष्ट्रीय महामार्ग आहे. अशा महामार्गासाठी संपादिलेल्या जमिनीची भरपाई अमान्य असल्यास, राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३-जी नुसार वाद केंद्र शासनाने नेमलेल्या लवादाकडे जातो. त्याच्या निवडीत शेतकऱ्यास स्थान नसते. याउलट, २०१३ च्या कायद्याने रद्द झालेल्या भूसंपादन अधिनियम, १८९४ खाली असा वाद दिवाणी न्यायालयाकडे जाई. तेथे संहिता लागू होती. न्यायालय पुरावा घेऊन भरपाई स्वतः वाढवू शके आणि त्यावर अपीलही होई.

लवादाच्या निवाड्याविरुद्ध कलम ३४ खालील अर्ज तीन महिन्यांत, सबळ कारण असल्यास फार तर आणखी तीस दिवसांत करावा लागतो, आणि त्यात पुराव्याची फेरतपासणी होत नाही. भरपाईचा आकडा न्यायालयास बदलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एम. हकीम प्रकरणात ठरविले. घटनापीठाने २०२५ मध्ये गायत्री बालसामी प्रकरणात बहुमताने फेरफाराचा मर्यादित अधिकार मान्य केला; तरी तो अपिलाच्या अधिकाराइतका व्यापक नाही. संमतीच्या लवादासाठी आखलेली ही चौकट सक्तीच्या लवादास लावणे शेतकऱ्यास जाचक ठरते. परिणामी, शेजारच्या जमिनींची खरेदीखते, विहीर, फळझाडे इत्यादींचा पुरावा लवादापुढेच संपूर्णपणे मांडावा लागतो.