झडप का गळते?

तोटी घट्ट बंद करूनही नळातून थेंब थेंब पाणी ठिबकत राहते, हा अनुभव ज्यास नाही असे घर आमच्या कुपवाडात विरळाच. हीच तोटी आकाराने वाढवून तिच्यातून पाण्याऐवजी वाफ, तेल अथवा आम्ल जाऊ दिले म्हणजे कारखान्यातील झडप झाली. कामगार तिला व्हॉल्व्ह म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे वडील येथील औद्योगिक वसाहतीत कामास जातात, त्यांना ही वस्तू नित्य परिचयाची आहे. शिवाय लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली वसविलेली किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यात असून ती पंपांसाठी साऱ्या देशास ठाऊक आहे. आणि पंप म्हटला की झडप आलीच. तेव्हा ती का गळते, याचा थोडा विचार करू.

झडपेचे सारे मर्म दोन पृष्ठभागांत असते. एक बैठक, ती आत पक्की बसविलेली असते. दुसरी तबकडी, ती चाक फिरविताच खाली उतरून बैठकीवर टेकते. आता आरशासारखा गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर डोंगरदऱ्यांनी भरलेला आढळतो, आणि त्या दऱ्यांतून पाणी व वाफ वाट काढतात. ही वाट बुजविण्यास एक तर दोहोंपैकी एक पृष्ठभाग मऊ ठेवावा, म्हणजे तो दाबाखाली दुसऱ्याच्या खाचाखोचांत शिरेल. किंवा दोन्ही धातूचेच ठेवून बारीक कुरुंदाच्या लेपाने एकमेकांवर घासून जुळवावेत.

मऊ पदार्थांत पूर्वी चामडे प्रमुख होते, पुढे रबर आले. परंतु रबर रबरात भेद आहे. विद्यार्थ्यांनी वडील माणसांच्या देखरेखीखाली, विस्तवापासून दूर, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून पाहावा. सकाळी तो फुगून लिबलिबीत झालेला दिसेल. पाण्यात वर्षानुवर्षे टिकणारा वायसर तेलात असा नासतो. तेलासाठी नायट्राइल नावाचे कृत्रिम रबर वापरतात. उलट कढत पाणी व वाफ सोसणारे ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगते. थंडीनेही रबर दगा देते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत नष्ट होऊन सात जणांचा अंत झाला. त्या सकाळच्या कडाक्याच्या थंडीत अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडीची लवचिकता गेली, ती वेळेवर फुगून फट झाकू शकली नाही.

रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अकल्पितपणे सापडलेले टेफ्लॉन बहुतेक कोणत्याही आम्लास दाद देत नाही. म्हणून रासायनिक कारखान्यांत त्याच्या बैठका फार. तथापि सतत दाबाखाली ते हळूहळू पसरते, आणि उष्णता वाढली की अधिकच. १० किलो दाबाच्या वाफेचे उष्णतामान सुमारे १८४ अंश सेल्सिअस असते. त्याहून तप्त वाफेसाठी धातूच हवा. कठीण कामास तर कोबाल्ट व क्रोमियम यांच्या स्टेलाइट या मिश्रधातूचा थर बैठकीवर चढवितात.

मऊ भागाचे महत्त्व किती, हे आपल्या ओळखीच्या हापशावरून कळेल. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे महाराष्ट्रात ठिकठिकाणी बोअर खोदल्या गेल्या. परंतु बिडाचे जुने हातपंप शेकडो माणसांच्या वापरापुढे टिकेनात. जालना, सोलापूर व वडाळा येथील मिशनच्या कामातून पोलादी हातपंप तयार झाले, आणि सोलापूरच्या पंपावरून पुढे इंडिया मार्क दोन हा सर्व देशाचा हापसा निघाला. वरचे यंत्र असे बळकट झाले. पण खाली नळकांड्यात दट्ट्यास चामड्याचे वायसर होते, ते वाळूने झिजत, आणि ते बदलण्यास सारे पाइप वर ओढावे लागत. पुढे कोइमतूरकडे झालेल्या प्रयोगांत नायट्राइलचे वायसर चामड्याहून पुष्कळ अधिक टिकले. ज्या गावी हापसा बंद म्हणजे बायकांची कोसभर पायपीट, तेथे एका वायसराची किंमत किती, हे जत-आटपाडीकडील पालकांस आम्ही सांगावयास नको.

पृष्ठभाग बिघडण्याची कारणे पुष्कळ आहेत. परंतु आमच्या मते पहिला मान कचऱ्याचा. नव्या पाइपातील वेल्डिंगचा खडा, गंजाची खपली किंवा पावसाळ्यातील गढूळ पाण्यातली रेती बैठकीवर सापडली, की तबकडी नीट टेकत नाही. मग कामगार काय करतो? चाकात लांब पाइप अडकवून जोराने आवळतो. खडा धातूत रुतून कायमची खाच पडते, आणि गळती थांबावयाची ती पक्की होते. पाण्याची झडप असल्यास ती किंचित उघडून धारेने खडा वाहू द्यावा व मग हलक्या हाताने बंद करावी, हाच खरा उपाय.

वाफेच्या बाबतीत तर केसाएवढी गळतीही हयगय करण्यासारखी नाही. त्या फटीतून वाफ विलक्षण वेगाने निघते, तिच्यातील पाण्याचे कण पोलादास कानशीप्रमाणे कोरतात, आणि बैठकीवर तार ओढल्यासारखा चर पडतो. चर रुंदावला की वाफ वाढते, वाफ वाढली की चर रुंदावतो. म्हणून मोठी झडप अर्धवट मिटून प्रवाह कमी करण्याची सवय वाईट. पाण्यातही अशा अरुंद वाटेत दाब एकदम उतरून वाफेचे बुडबुडे होतात; पुढे दाब वाढताच ते फुटून धातूचे कण उडवितात व पृष्ठभाग मधमाशीच्या पोळ्यासारखा होतो. याखेरीज पितळेतील जस्त पाण्याने निघून जाणे, एकाच जातीचे दोन गंजरोधक पोलाद घासताना एकमेकांस चिकटून ओरबाडणे, हीही कारणे आहेतच.

स्वयंपाकघरातील गॅसच्या टाकीच्या झडपेतही एक लहानशी रबरी कडी असते. रेग्युलेटरची नळी तिच्यात घट्ट बसते. टाकी घेताना ती कडी जागेवर आहे ना, चिरली तर नाही ना, हे पोहोचविणाऱ्याकडून आपल्यासमोर तपासून घ्यावे. नंतर सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कदापि पाहू नये. गॅसचा वास आल्यास विजेच्या बटणास हात न लावता, रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्या आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.