सैल सोडायलाही ताकद लागते!

मेडिकल किंवा फार्मसीला असाल, तर बेडकाच्या पोटरीच्या स्नायूचा ग्राफ तुमच्या जर्नलमध्ये असणारच. तीन डोंगर: नॉर्मल, गरम आणि थंड. गरमचा उंच आणि अरुंद, थंडचा बुटका आणि पसरट. पूर्वी तो काजळी धरलेल्या ड्रमवर उमटायचा, आता बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर. सीनियरच्या जर्नलवरून उतरवला, सही घेतली, विषय संपला! पण व्हायव्हात सर विचारतात, ‘असं का होतं?’ आणि विकेट पडते.

या शाखांना नसाल तरी पुढे वाचा. स्नायू तुम्हालाही आहेत.

नेहमीच्या तापमानाला शॉक दिला की बेडकाचा स्नायू साधारण ०.१ सेकंदात सगळं उरकतो. ०.०१ सेकंद तयारी, ०.०४ आकुंचन आणि ०.०५ सैल होणं. भोवतीचं रिंगर सोल्यूशन ४० अंशांच्या आसपास नेलं, की तिन्ही टप्पे झटपट होतात. १० अंशांवर आणलं, की तिन्ही लांबतात.

कारण सोपं आहे. शॉक बसल्यावर पेशीत कॅल्शियम सुटतं आणि मायोसिन एटीपी फोडून ॲक्टिनला ओढतं. हे एन्झाइमचं काम, गारठ्यात ते मंदावतं. इथवर बरेच जण सांगतात. पण डोंगराची उतरण का लांबते? कारण सैल होणं म्हणजे काम थांबणं नव्हे! सुटलेलं कॅल्शियम पुन्हा कोठारात भरायला पंप लागतो, आणि तोही एटीपीवरच चालतो. पंप गारठला, की स्नायू सुटायला उशीर करतो. मृत्यूनंतर शरीर ताठ होतं तेही याचमुळे. एटीपी संपतो आणि मायोसिनची पकड सुटतच नाही.

आता ग्राउंडवर या. पोलिस भरतीची तयारी करणारे तुमच्यातले कित्येक जण डिसेंबरच्या थंडीत पहाटे ग्राउंड गाठतात आणि स्वेटर काढून थेट १०० मीटर मारतात. धावताना मांडीचा पुढचा स्नायू ओढतो, तेव्हा मागच्याने वेळेत सैल व्हायचं असतं. तो गार असेल तर रेंगाळतो. मग ताण बसतो, कधी हॅमस्ट्रिंग धरते आणि महिनाभराची तयारी पाण्यात!

म्हणून आधी १०-१५ मिनिटं हळू जॉगिंग करा, मग हळूहळू वेग वाढवा. नुसतं वाकून अंगठे धरल्याने स्नायू फारसा तापत नाही, तो तापतो कामाने. आणि ‘जितकं गरम तितकं चांगलं’ असंही नाही. बेडकाचा स्नायू जास्त तापवला, तर त्यातली प्रथिनं गोठतात आणि तो कायमचा आखडतो.

तेव्हा पुढच्या वेळी ग्राफ काढताना चढणीइतकंच उतरणीकडेही बघा. सरांच्या ‘का?’चं उत्तर तिथेच आहे.