सतराव्या उन्हाळ्याची गोष्ट

१९४२ साली डॉड, मीड या अमेरिकन प्रकाशनसंस्थेनं मॉरीन डेली नावाच्या तरुणीची पहिली कादंबरी छापली. नाव 'सेव्हन्टीन्थ समर'. बाहेर महायुद्ध पेटलेलं होतं आणि अमेरिका त्यात उतरून काही महिनेच झाले होते. पुस्तकात मात्र विस्कॉन्सिन राज्यातलं फॉन्ड डु लॅक हे तळ्याकाठचं गाव, नुकतीच शाळा संपलेली अँजी मॉरो आणि बेकरीवाल्याचा मुलगा जॅक डलूथ. जूनमध्ये दोघांची ओळख होते, विनेबेगो तळ्यात शिडाच्या होडीतून फिरणं होतं, आणि ऑगस्ट सरता सरता अँजी कॉलेजसाठी शिकागोच्या गाडीत बसते. लग्न नाही, पळून जाणं नाही, कुणाचा जीव जाणं नाही. या पुस्तकाच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या.

डेली जन्मानं आयर्लंडची, पण वाढली याच फॉन्ड डु लॅकमध्ये. सोळाव्या वर्षी लिहिलेल्या तिच्या 'सिक्स्टीन' या कथेला शालेय कथास्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. कादंबरीही तिनं कॉलेजात शिकताना लिहिली. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीचं मन जवळजवळ त्याच वयाच्या मुलीनं कागदावर उतरवलं, आणि हे पानोपानी जाणवतं. जॅक पहिल्यांदा अँजीच्या घरी जेवायला येतो तो प्रसंग बघा. अँजीच्या घरात टेबलावरच्या रीतिभाती काटेकोर. जॅकचा चमचा दातांवर वाजतो आणि त्या एवढ्याशा आवाजानं अँजीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आपल्याला आवडणारा मुलगा आपल्या घरच्यांच्या नजरेतून बघण्याची ती पहिली वेळ. मोठ्या माणसांना क्षुल्लक वाटणारी गोष्ट त्या वयात छातीत किती खोल रुतते, हे डेलीला ठाऊक होतं, कारण ते वय तिच्या अंगावर अजून ताजं होतं. तिनं अँजीच्या भावनांना कुठंही हसण्यावारी नेलेलं नाही. आज ज्याला 'यंग अ‍ॅडल्ट' साहित्य म्हणतात, त्याची एक सुरुवात या पुस्तकाकडे बोट दाखवून सांगितली जाते ती म्हणूनच.

पुढची काही दशकं भराभर ओलांडता येतात. १९५६ साली बेव्हर्ली क्लिअरींचं 'फिफ्टीन' आलं. त्यातली जेन पर्डी शेजारच्या खट्याळ पोरीला सांभाळत असताना कुत्र्यांसाठी मांस पोचवणारा स्टॅन दारात येतो आणि तिचं आयुष्य बदलतं. १९७५ सालच्या जूडी ब्लूम यांच्या 'फॉरेव्हर' या कादंबरीनं शरीराबद्दल मोकळेपणानं लिहिलं, आणि अमेरिकेतल्या कित्येक शाळांच्या ग्रंथालयांतून ती काढून टाकण्याच्या मागण्या झाल्या. ऐंशीच्या दशकात 'स्वीट ड्रीम्स' आणि 'स्वीट व्हॅली हाय' या मालिकांचे ढीग निघाले. त्यांचा दर्जा यथातथाच होता, पण शाळकरी मुलींना स्वतःच्या पैशांनी पुस्तक विकत घ्यायची सवय त्यांनी लावली, ही त्यांची कमाई मी मान्य करतो.

कोवळ्या वयातल्या या प्रेमकथांना बहुतेकदा उन्हाळाच का लागतो, याचं उत्तर अमेरिकेच्या शाळांच्या वेळापत्रकात आहे. तिथली उन्हाळी सुट्टी साधारण दहा आठवड्यांची. ती शेतीच्या कामांसाठी सुरू झाली असं सर्रास सांगितलं जातं, पण ते खरं नाही. शेतीची मुख्य कामं पेरणीला आणि कापणीला, म्हणजे वसंतात आणि शरदात. एकोणिसाव्या शतकात खेड्यांतल्या शाळा उन्हाळ्यात चालायच्या आणि या दोन हंगामांत बंद राहायच्या. लांब उन्हाळी सुट्टी आली शहरांतून. विटांच्या कोंदट इमारतींत उकाडा सोसवेना, ऐपतदार घरं समुद्रकाठी नाहीतर डोंगरात निघून जायची आणि वर्ग ओस पडायचे. त्या रिकाम्या आठवड्यांतून समुद्रकाठची भाड्याची घरं, तळ्याकाठची शिबिरं आणि पोरांच्या हंगामी नोकऱ्या असं एक अख्खं जग उभं राहिलं.

या नोकऱ्यांचा कथेला फार मोठा उपयोग होतो. आइस्क्रीमच्या दुकानात, पुस्तकांच्या दुकानात, पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून, लहान मुलं सांभाळायला असं कुठंही पंधरा-सोळा वर्षांची मुलं कामाला लागतात. तिथल्या कायद्यानुसार चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना एरवी संध्याकाळी सातपर्यंतच काम करता येतं. १ जून ते सप्टेंबरातल्या कामगार दिनापर्यंत ही मुदत रात्री नऊपर्यंत वाढते. मुलांची संध्याकाळ दोन तासांनी लांबवण्याचं काम तिथं सरकारच करतं म्हणा ना. वर्गात एकमेकांकडे ढुंकूनही न बघणारी दोन मुलं एकाच काउंटरमागे उभी राहतात. श्रीमंताची मुलगी आणि भांडी घासणारा मुलगा एकाच वेळी कामावरून सुटतात. आई-वडिलांनी वर्षभर आखून दिलेले रस्ते या दहा आठवड्यांत सैल पडतात, आणि सप्टेंबरात सगळं संपणार हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत असतं. गोष्टीला लागणारी मुदत कॅलेंडरच घालून देतं.

उन्हाळी प्रेमकथांच्या या प्रकारातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते सेरा डेसेनचं 'अलाँग फॉर द राइड', २००९ सालचं. डेसेन नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलची. सुरुवातीची पुस्तकं लिहिताना ती तिथल्याच एका हॉटेलात वेटर म्हणून काम करत होती. कुमारांसाठीच्या लेखनाबद्दल दिला जाणारा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार तिला २०१७ साली मिळाला. कादंबरीची नायिका ऑडन वेस्ट ही प्राध्यापक आईची अतिशय हुशार मुलगी. उत्तम कॉलेजात प्रवेश, सगळं हातात. आई-वडील भांडत असताना रात्ररात्र जागायची लागलेली सवय त्यांच्या घटस्फोटानंतरही सुटलेली नाही. कॉलेज सुरू व्हायच्या आधीची सुट्टी ती वडिलांच्या घरी, कोल्बी नावाच्या समुद्रकाठच्या गावात घालवायला जाते. तिथं वडिलांची नवी बायको हायडी, त्यांची तान्ही मुलगी थिस्बी आणि हायडीचं कपड्यांचं दुकान.

रात्री झोप न येणारा आणखी एक जण गावात आहे, इलाय. सायकलच्या कसरती करण्यात तो पटाईत होता. जिवलग मित्र गेल्यापासून त्यानं सायकलला हात लावलेला नाही. ऑडन तर सायकल कधी शिकलीच नव्हती. मग रात्र रात्र जागून दोघं तिच्या लहानपणी करायची राहून गेलेली एकेक गोष्ट करून बघतात. सायकलही ती त्याच उन्हाळ्यात शिकते. पडणं, गुडघे खरचटणं, पुन्हा बसणं. अठराव्या वर्षी.

प्रेमकथा म्हणून यात घडतं फार थोडं. पण ऑडनमध्ये जे बदलतं ते बघण्यासारखं आहे. गुलाबी कपड्यांतल्या हायडीला तिनं आधीच उथळ ठरवून टाकलेलं असतं, कारण तिची आई तसं ठरवते. दुकानाचा हिशेब सांभाळता सांभाळता तिला कळतं की ही बाई धंद्यात पक्की आहे, आणि रडणारं मूल घेऊन रात्रभर एकटीच येरझाऱ्या घालते आहे. आपले वडील पहिल्या संसारात जसे अंग काढून घेत होते तसेच दुसऱ्यातही काढून घेताहेत, हेही तिला दिसतं. इलाय भेटला नसता तर हे दिसायला कदाचित आणखी दहा वर्षं लागली असती. कुणीतरी आपल्याला नव्यानं बघितलं की आपणही आपल्या माणसांना नव्यानं बघू लागतो. ही पुस्तकं प्रेमाच्या नावानं हातात येतात आणि मुलांना स्वतःच्या घराकडे बघायला शिकवतात. त्यांना हलकंफुलकं म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की हलकं लिहायला हात फार मुरलेला लागतो.

जेनी हानच्या 'द समर आय टर्न्ड प्रिटी'बद्दल वेगळं सांगायला नको. घरात कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर बेली, कॉनरॅड आणि जेरेमाया ही नावं तुमच्या कानांवर आलेलीच असतील. तीन कादंबऱ्या २००९ ते २०११ मध्ये आल्या. त्यांच्यावरची पडद्यावरची मालिका २०२२ पासून सुरू झाली आणि २०२५ मध्ये संपली. बेलीनं कॉनरॅड आणि जेरेमाया या दोन भावांपैकी कुणाला निवडावं, यावर पुण्या-मुंबईच्या मुलींनीही तावातावानं वाद घातले. मला त्यात मोलाची वाटते ती दोन आयांची, लॉरेल आणि सुझॅनाची मैत्री. वर्षानुवर्षं एकाच समुद्रकाठच्या घरात या मैत्रिणींनी मुलांसकट उन्हाळे काढलेले, आणि त्यातली एक कॅन्सरनं खंगत चाललेली.

आपल्या घराला लागून असलेलं पुस्तक मात्र २०१७ सालचं, संध्या मेनन यांचं 'व्हेन डिंपल मेट ऋषी'. डिंपल शाह कॅलिफोर्नियात वाढलेली, स्टॅनफर्डला निघालेली, आणि तिला फक्त प्रोग्रॅमिंग करायचं आहे. सॅन फ्रॅन्सिस्कोतल्या उन्हाळी शिबिराला आई-वडील चटकन हो म्हणतात याचंच तिला नवल वाटतं. कारण पुढं कळतं. त्याच शिबिराला ऋषी पटेल येणार आहे, आणि दोन्ही घरांनी या दोघांची सोयरीक मनात धरलेली आहे. ऋषीला हे माहीत आहे, तिला नाही. तो हसतमुखानं तिला भावी बायको म्हणून हाक मारतो आणि ती हातातली थंड कॉफी त्याच्या अंगावर फेकून पळ काढते.

मराठी वाचकाला या विनोदाची गंमत अमेरिकन वाचकापेक्षा जास्त कळते. 'मुलगा चांगला आहे, एकदा भेट तर घे' हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं तिथं ती कॉफी कुणावर फेकली गेली हे सांगावं लागत नाही. मेनन यांनी ऋषीला बावळट केलेलं नाही, हे फार चांगलं केलं. परंपरा त्याला मनापासून प्रिय आहे आणि त्याच परंपरेखाली त्यानं स्वतःची चित्रकला दाबून टाकली आहे. डिंपल त्याला ते दाखवून देते. आई-वडिलांनी सुचवला म्हणून माणूस नाकारणं हीदेखील स्वतःची निवड नव्हे, हे तिला उमगायला सहा आठवडे लागतात.

याच कादंबरीवरून नेटफ्लिक्सनं २०२० साली 'मिसमॅच्ड' ही मालिका केली आणि गोष्ट जयपूरला नेली. डिंपल झाली ठाण्याची प्राजक्ता कोळी. यूट्यूबवरून घराघरात पोचलेल्या या मुलीनं २०२५ मध्ये स्वतःचीही एक प्रेमकादंबरी प्रसिद्ध केली, इंग्रजीत.

त्या 'इंग्रजीत'पाशी मी अडतो. चौदा ते एकोणीस या वयाच्या मराठी मुलामुलींना मराठीत वाचायला काय आहे? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, 'किशोर' मासिक आहे. मिसरूड फुटायच्या आत हे सगळं वाचून होतं. त्यानंतर एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधल्या पोकळीत मिलिंद बोकील यांची 'शाळा' एकटी उभी आहे. २००४ साली आलेल्या त्या पुस्तकात आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग आहे, मुकुंद जोशी आहे आणि शिरोडकर आहे. त्या वयाच्या मुलाची भाषा, लाज आणि आसुसलेपण मराठीत इतक्या खरेपणानं क्वचितच आलं असेल. पण 'शाळा' मुख्यतः मोठ्यांनी मागे वळून वाचली. आणि ती मुलाच्या नजरेतून आहे. शिरोडकरच्या मनात काय चाललं होतं, हे लिहायचं राहिलंच. चित्रपटांनी 'टाइमपास'सारखे प्रयत्न केले. पुस्तकं मागे राहिली.

साहित्याला लागणारा कच्चा माल आपल्याकडे रग्गड आहे. अमेरिकेत शाळा आणि कॉलेज यांच्यामधला उन्हाळा असतो, तसा आपल्याकडे दहावी-बारावीची परीक्षा आणि निकाल यांच्यामधला काळ असतो. मार्चमध्ये पेपर संपतात, निकाल मे-जूनमध्ये लागतो. तेवढे दिवस तुम्ही शाळेतलेही नसता आणि कॉलेजातलेही. आजोळी जाणं असतं, लग्नसराईत वऱ्हाडी म्हणून मिरवणं असतं, कोकणात आंब्याच्या पेट्या भरायला मदत असते, गाडी शिकणं असतं, सीईटीच्या क्लासात दुसऱ्या गावची मुलं भेटणं असतं. लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहिलेली बीडची मुलगी, मावशीच्या खानावळीत हाताखाली काम करणारा मुलगा, चुलत बहिणीच्या लग्नात करवली म्हणून राबताना नवरदेवाच्या मावसभावाशी झालेलं भांडण, यातल्या कशालाही समुद्रकिनारा आणि सर्फबोर्ड लागत नाही.

अडचण दुसरी आहे. आपल्याकडच्या तरुण प्रेमकथेत जात येते, घरची इज्जत येते, आणि कथा रक्तापर्यंत जाते. ते वास्तव आहे आणि ते लिहिलं गेलंच पाहिजे. पण सतरा वर्षांच्या मुलीला प्रेमाची जेवढी गोष्ट मिळते ती सगळी भीतीचीच असेल, तर तिच्यावर तो अन्याय आहे. प्रेमात पडून दरवेळी कुणी मरत नाही, कधी कधी नुसती सायकल शिकतं, बापाला नीट ओळखू लागतं, चित्रं काढायला घेतं आणि जूनमध्ये कॉलेजात जातं, हेही तितकंच खरं आहे. तेही कुणीतरी तिच्या भाषेत लिहायला हवं.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि प्रकाशकांना माझी मनापासून विनंती आहे. बालविभाग आपण ठेवतोच, पुढच्या वर्षी सोळा ते एकोणीस वयाच्या वाचकांसाठी पन्नास पानं राखून ठेवा आणि ती त्याच वयाच्या मुलामुलींकडून लिहून घ्या. मॉरीन डेलीनं 'सिक्स्टीन' लिहिली तेव्हा ती सोळा वर्षांची होती.